सत्ताविसावी जास्वंद

शाफायेत हुसेन हे नाव शिक्षण बोर्डाच्या कागदपत्रांपुरतं होतं. बांगलादेशातल्या जामालपुरात त्याला टुटुल म्हणत, आणि कॉलेजात तेवढेही कष्ट कुणी घेत नसे. 'वहीवाला' म्हटलं की बारावी विज्ञानाच्या वर्गात कुणीही त्याच्याकडे बोट दाखवी. अभ्यासात तो वाईट नव्हता. पण वाईट नसणं ही त्या वर्षी त्या गावात फारशी सांगण्याजोगी गोष्ट नव्हती. सगळ्या विषयांत ए-प्लस मिळवणारी मुलं इतकी झाली होती की, एखाद्याचा एकाच विषयात ए-प्लस हुकला, तर त्याच्या आईला धीर द्यायला शेजारणी जेवणाचा डबा घेऊन येत.

त्याचे आब्बा रेल्वेच्या सिग्नल केबिनीत होते. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून दिल्यावर स्वतःच्या पोराची गाडी कुठल्या रुळावर घालायची, हे त्यांनी एकट्यानं ठरवलं होतं: इंजिनियरिंग. ती पुढे मत्स्यविज्ञानाच्या फलाटाला लागली, आणि तिथं ती बरी चालली. पण त्या वर्षी तसं कुणी बोललं असतं, तर आब्बांनी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं.

हात मात्र त्यानं आम्माचा घेतला होता. आम्मा कांथ्याच्या, म्हणजे भरतकामाच्या गोधडीच्या, कापडावर नक्षी उतरवून द्यायची. शिवणाऱ्या बायका वेगळ्या. आम्मानं फक्त वेल, मासे, हत्ती आणि मधलं कमळ आखून द्यायचं. त्यासाठी एकच नक्षी पातळ कागदावर काढून तिच्या रेघेवर सुईनं बारीक भोकं पाडत. मग कागद कापडावर ठेवून वरून निळीचा बोळा फिरवला, की खाली ठिपक्याठिपक्यांची नक्षी उमटे. एका कागदावर पन्नास कांथे निघत. पाचव्या वर्षी टुटुलच्या हातात सुई आली आणि तो भोकं पाडत बसू लागला. पोरगा किती शांत आहे, असं पाहुणे म्हणत. शांत वगैरे काही नव्हता तो. भोकं मोजत असे.

ही विद्या कॉलेजात कामाला येईल असं आम्माला वाटलं नव्हतं. ती कामाला आली ती मोसाद्देक सरांमुळे.

मोसाद्देक सर जीवशास्त्र शिकवत. प्रॅक्टिकलच्या वहीबद्दल त्यांचे नियम थोडे होते आणि कुराणाच्या खालोखाल पक्के होते. पेन्सिल एचबी. रेघ एकच, अखंड. नावं उजवीकडे, एकाखाली एक. आणि शेड द्यायची नाही. "मला फूल दाखवा, फुलाविषयी तुम्हाला काय वाटतं ते दाखवू नका," असं ते म्हणत. शेड दिसली की पान फाडत. प्रत्येक पानावर त्यांची सही लागे. सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, प्रॅक्टिकल नाही तर विषय गेला, आणि जीवशास्त्र गेलं की मेडिकलचं नाव घ्यायला नको. गावातल्या निम्म्या आयांचं आयुष्य त्या सहीवर टांगलेलं होतं.

सुरुवात बिप्लब साहापासून झाली. बिप्लब टुटुलचा शाळेपासूनचा दोस्त, तोंडानं वर्गात पहिला. त्यानं काढलेला नाकतोडा पाहून सरांनी विचारलं, "ही लाँच ढाक्याच्या सदरघाटाला लागते की चाँदपूरला?" त्या दुपारी टुटुलनं त्याला नाकतोडा काढून दिला. मग बिप्लबच्या शेजारच्याला. मग त्याच्या बहिणीला. महिन्याभरात मागणी हाताबाहेर गेली, तेव्हा त्यानं आम्माची वाट धरली. रोहूचं हृदय, हायड्रा, कांद्याच्या मुळाचं टोक, जास्वंदीचं फूल, प्रत्येकाचा भोकांचा कागद केला, निळीऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड बोळ्यात बांधली आणि ठिपक्यांवरून एक रेघ ओढायची एवढंच काम ठेवलं. स्वतःची धरून सव्वीस वह्या झाल्या. मोबदला म्हणजे समोशासारखा सिंगारा, नोट्स, किंवा आजवर ओळख न देणाऱ्या एखाद्यानं नुसतं 'दोस्त' म्हणणं. तिसऱ्या प्रकारचा मोबदला टुटुलला सगळ्यात जास्त आवडे, पण तो हे कुणाला सांगत नसे.

सत्ताविसावी वही झुमूरची.

झुमूर म्हणजे तासफिया जाहान. तिची आई सेलिना आपा प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्यांना छड्या दिल्या होत्या. झुमूरनं डॉक्टर व्हायचं, हे तिच्या नावाइतकंच जुनं होतं. तिच्या टेबलासमोर भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं असे. त्यात झोप सहा तास होती, आणि सकाळी पावणेनऊ ते नऊ 'इतर'. टुटुल 'इतर'मध्ये येत असे.

सकाळी सात ते पावणेनऊ रसायनशास्त्राची बॅच असे, पत्र्याच्या खोलीत, मुली डावीकडे, मुलगे उजवीकडे. नऊला गणिताची बॅच, नदीकडच्या गल्लीत. मधली पंधरा मिनिटं झेरॉक्सच्या दुकानात. त्या गावात मुलगा-मुलगी चहाच्या टपरीवर उभे राहिले तर घरी खबर पोचे; झेरॉक्सच्या दुकानात उभे राहिले तर त्याला नोट्स म्हणत. दुकानवाले मामा यंत्रातून डोकं वर काढत नसत, आणि त्याबद्दल गावातली तीन-चार लग्नं त्यांचं देणं लागत होती.

"तुझ्या डोक्यात सेंद्रिय रसायन शिरतच नाही का रे?" झुमूर त्याची चाचणीची उत्तरपत्रिका चाळत विचारी. "दार बंद आहे, की घरात कुणी नाहीच?"

"घरात पाहुणे आहेत. गणिताकडचे."

"त्यांना म्हणावं सरकून बसा. बेंझिन दारात उभं आहे दोन महिने."

मग ती उभ्या उभ्या पाठकोऱ्या कागदावर त्याला समीकरण समजावून देई. तिनं समजावलं की ते त्याला कळे, आणि ती गेली की जाई. त्यात रसायनशास्त्राचा दोष किती, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नव्हता.

तिनं आपली वही त्याला कधी दिली नव्हती. सगळी चित्रं ती स्वतः काढी, खोडी, पुन्हा काढी. पानं खोडून खोडून कापडासारखी मऊ झाली होती. मार्च उजाडला. लेखी परीक्षेआधी शेवटच्या सह्यांचा गुरुवार ठरला, आणि त्याआधी दोन आठवडे ती दुकानात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. आत त्यांच्या अंगणातली जास्वंद होती.

"बाकी सगळं जमलं. ही तेवढी जमत नाही," ती म्हणाली. "पाकळ्या छत्रीसारख्या येतात."

"दे वही. संध्याकाळपर्यंत—"

"साच्यातली नको."

टुटुलनं मान वर केली.

"त्या फुलाच्या पानाला कीड लागलीय," ती म्हणाली. "देठाच्या डाव्या अंगाला, दाताएवढी. बिप्लबच्या वहीत आहे, शिरीनच्या वहीत आहे, मी पाच वह्या बघितल्या. सव्वीस झाडांना एकाच जागी कीड लागते का रे? सर काय आंधळे आहेत?"

कॉलेजच्या बागेतलं पान त्यानं नमुन्याला घेतलं होतं. पान किडलेलं होतं, म्हणून त्यानं किडलेलं काढलं होतं. इतकी साधी गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती, आणि आता सव्वीस वह्यांत ती शाई नसली तरी पक्की झाली होती.

"माझी तू हातानं काढ," ती म्हणाली. "या फुलावरून."

त्यानं ती दुपारी घरी काढली, आम्माच्या कापडांच्या गठ्ठ्याला टेकून, फूल पाण्याच्या पेल्यात ठेवून. एक रेघ, अखंड. पुंकेसर मोजले. नावं उजवीकडे. काम वीस मिनिटांचं होतं आणि वीस मिनिटांत झालंही. त्यानंतर तो आणखी तासभर बसला. वरची एक पाकळी जराशी दुमडलेली होती, आणि दुमड दाखवायची तर आत अंधार हवा. त्यानं पेन्सिल आडवी धरली, बोटानं पुसलं. मग शेजारच्या पाकळीला. मग सगळ्यांना. खोडरबर हाताशी होता, हे सांगणं भाग आहे, कारण पुढे त्यानं "हात वाहवत गेला" असं सांगितलं, आणि ते पूर्ण खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी झुमूरनं दुकानात वही उघडली. 'इतर'ची पंधरा मिनिटं संपली तरी ती त्याच पानावर होती.

"शेड दिलीस."

"थोडीच आहे."

"सर फाडतील."

"पुसून देऊ?"

तिनं वही मिटली, दप्तरात घातली, आणि गणिताच्या बॅचला निघून गेली. गुरुवारी तिनं ती तशीच सहीला ठेवली.

त्या गुरुवारी छप्पन्न मुलं प्रयोगशाळेत बसली होती. फॉर्मॅलिनच्या बाटलीतला बेडूक सरांच्या नोकरीहून जुना होता आणि त्यालाही ती सकाळ अवघड जात असावी. सरांनी लांब टेबलावर वह्या उघड्या मांडल्या, एकीला लागून एक, सगळ्या जास्वंदीच्या पानावर. मग हात मागे बांधून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

"सव्वीस फुलं," ते म्हणाले. "सव्वीस पानांना एकाच ठिकाणी कीड. जीवशास्त्रात याला चमत्कार म्हणतात. पोलिसात दुसरा शब्द आहे."

त्यांनी एक वही उचलून खिडकीकडे धरली. रेघेच्या बाजूला शिशाचे ठिपके अजून होते.

"साचा आहे. साच्यावर नाव नसतं. पण ही सत्ताविसावी बघा." त्यांनी वही वर्गाकडे फिरवली. "ही हातानं काढलीय. आणि हात सापडतो."

चित्रकलेतलं त्या वर्गाला ओ की ठो कळत नव्हतं. तरी पान बघताक्षणी मागच्या बाकावर कुणीतरी हळूच शीळ घातली. ज्यांना पाकळीचा आणि दलपुंजाचा फरक वर्षभर समजला नव्हता, त्यांना ती शेड एका नजरेत समजली.

"तासफिया, कुणी काढलं?"

"मी, सर."

"ये. फळ्यावर काढ."

झुमूर उठली. तिनं खडू घेतला आणि काढायला लागली. पाच पाकळ्या आल्या, वादळात उलटलेल्या छत्रीसारख्या. वर्गात हसू फुटलं. सर हसले नाहीत. "आणि शेड?" त्यांनी विचारलं. तिनं खडू आडवा धरून एका पाकळीवर घासला, मग हात खाली घेतला आणि वर्गाकडे तोंड करून उभी राहिली.

"मीच काढलं, सर."

टुटुल शेवटून दुसऱ्या बाकावर होता. बिप्लबनं त्याचा गुडघा दाबून धरला होता. "उठलास तर सव्वीस घरं बसतील," तो ओठ न हलवता म्हणाला. "तिनं सांभाळलंय ना? गप बस, बाबा. माझ्या आईची शपथ."

सव्वीस घरांचं टुटुलच्या मनातही नव्हतं. साच्याची चोरी त्यानं उभं राहून कबूल केली असती, छडी खाल्ली असती, वर वीरपुरुष ठरला असता. पण उभं राहिलं की सर विचारणार, शेड का दिलीस? आणि त्याला छप्पन्न जणांसमोर उत्तर द्यावं लागणार. चोरी सांगता येत होती. शेड सांगता येत नव्हती. तो बसून राहिला. झुमूर फळ्यापाशी मिनिटभर उभी होती. त्या मिनिटात तिनं त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघू लागली.

सरांनी त्या सत्तावीस वह्यांपैकी एकीवरही सही केली नाही. सत्तावीस जणांनी शनिवारपासून तीन सकाळी प्रयोगशाळेत त्यांच्यासमोर, खऱ्या फुलावरून काढायचं. तिसऱ्या दिवशी सही, नाहीतर नाही.

संध्याकाळी टुटुल सरांच्या घरी गेला. सर लुंगीवर अंगणात मिरच्यांच्या रोपांना पाणी घालत होते.

"सर, त्या सव्वीस वह्या मी काढल्या."

"हं."

"सत्ताविसावीपण मीच."

"ते छप्पन्न जणांना माहीत आहे. बेडकाला माहीत आहे." सरांनी झारी खाली ठेवली. "सकाळी तोंड कुठे ठेवलं होतंस?"

टुटुल झारीच्या तोटीतून गळणारं पाणी बघत राहिला.

"शेड का दिलीस?"

टुटुलनं झारी उचलून शेवटच्या रोपाला पाणी घातलं.

"असू दे. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे," सर म्हणाले. "ऐक. तीन सकाळी, सत्तावीस ताजी फुलं, देठ-पानासकट. आणायची तू. बाजारातली नकोत. आणि पानाला कीड असेल तर ते फूल तुझं."

तीन दिवस जामालपुरानं एक मुलगा सायकलला बादली अडकवून पहाटे दारोदार फिरताना पाहिला. जास्वंद मागितली की लोक आधी कुणी मेलं का विचारत, मग लग्न आहे का विचारत, आणि परीक्षा आहे म्हटल्यावर काही न विचारता कुंपणाकडे बोट दाखवत. बिप्लबच्या ठाकुमाचं, म्हणजे आजीचं, झाड सगळ्यात मोठं होतं, पण ते कालीमातेच्या नावचं.

"देवीची अकरा झाली की उरलेली घे," ठाकुमा म्हणाली. "आणि चित्र नीट काढा रे पोरांनो, फुकट नका घालवू देवीचं."

"ठाकुमा, माझं एकच. बाकीची ती पोरं काढणार आहेत."

"मग तू काय करतोस?"

"मी आणतो."

"पुजाऱ्याचा पोऱ्या झालास म्हण की."

शेवटचं दार झुमूरचं ठेवलं होतं, कारण ते ठेवता येईल तितकं लांब ठेवायचं होतं. फाटकाशी ती आली. ओसरीत सेलिना आपा वह्या तपासत बसल्या होत्या.

"सालाम, खालाम्मा," टुटुल ओसरीकडे म्हणाला.

"किती हवीत तुम्हाला?" झुमूरनं विचारलं.

त्याला वाटलं, आई ऐकतेय म्हणून. "चार," तो म्हणाला. तिनं चार तोडून बादलीत ठेवली, पानं उलटीपालटी करून बघून. "कीड नाही. बघून घ्या तुम्ही," ती म्हणाली, आणि फाटक लावलं.

प्रयोगशाळेत आई नव्हती. तिथंही ती "जरा सरका, तुमची सावली पडतेय" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पेन्सिल मागितली तर "घ्या" म्हणाली. दोन वर्षांत तिनं त्याला गाढवापासून माकडापर्यंत सगळं म्हटलं होतं, पण 'तू' सोडून कधी हाक मारली नव्हती. टुटुलला दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत हे नीट कळलं. बिप्लबला पहिल्याच दिवशी कळलं होतं, फक्त वेगळं कळलं होतं.

"झालं!" त्यानं टुटुलच्या पाठीत धपाटा घातला. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अरे 'तुम्ही' म्हणतेय ती तुला! मला काय बहिरा समजतोस? माझी वहिनी आणि दादा एका वर्गात होते, चार वर्षं 'तू-तू' चाललं होतं, कुणाला पत्ता नाही. एक दिवस वहिनी फोनवर 'तुम्ही जेवलात का' म्हणाली. आई तिथंच म्हणाली, पत्रिका छापायला टाका."

"तसं काही नाही रे."

"वहिनीपण असंच म्हणाली होती."

आठवड्यात बॅचभर झालं. वह्या फुकट गेल्याचा राग ज्यांना होता त्यांनीही तो सोडला. शेडमुळे पकडलं जाणं हा वर्गाचा अपमान होता, पण शेडमधून काही निष्पन्न झालं म्हटल्यावर तो सगळ्यांचा विजय झाला. नव्या जोडीतल्या मुलानं दोस्तांना सिंगारे खाऊ घालायचे, ही रीत. टुटुलनं घातले. नाही म्हटलं असतं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं.

प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या दिवशी झुमूरनं सकाळभर बसून अकरा जास्वंदी काढल्या. अकराव्या जास्वंदीची छत्री मिटली होती. एकच रेघ, शेड नाही, पानाला कीड नाही. सरांनी सही केली आणि काही बोलले नाहीत, म्हणजे बरी होती.

घरी आम्मानं चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी, सुई ओवता ओवता, विचारलं, "बिप्लब काय बडबडत होता दारात? सेलिना आपांची मुलगी तुला काय म्हणते म्हणे?"

"'तुम्ही' म्हणते."

"आधी काय म्हणायची?"

"'तू'."

आम्मानं दोरा दातानं तोडला. "मग काय केलंस तू तिचं?"

सगळ्या गावात हा प्रश्न तिनं एकटीनंच विचारला. टुटुलनं सांगितलं; फळा, खडू, शेवटून दुसरा बाक. शेडचं त्यानं गाळलं. आम्मानं ते ऐकलं, न गाळल्यासारखं.

"जाऊन सांग तिला."

"परीक्षेनंतर सांगतो. आता तिचा वेळ जाईल."

"तिचा जाईल की तुझी छाती नाही होत?"

"दोन्ही, आम्मा."

"निदान खरं बोलतोस," आम्मा म्हणाली, आणि कमळाकडे वळली.

एप्रिल, मे परीक्षेत गेले. केंद्राबाहेर आया पंखे आणि जपमाळा घेऊन बसत, मुलं बाहेर आली की एकच प्रश्न: कॉमन आलं का? म्हणजे पाठ केलेलंच आलं का? टुटुलला भौतिकशास्त्र आलं, गणित आलं, रसायनशास्त्राचा दुसरा पेपर आला नाही. प्रॅक्टिकल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं. बाहेरच्या परीक्षकांनी झुमूरला विचारलं, ही जास्वंद कुणी काढली? ती म्हणाली, मी. आणि या वेळी पुढे काही विचारलं गेलं नाही.

परवाच्या गाडीनं ती ढाक्याला जाणार होती, मामाकडे राहून मेडिकलच्या प्रवेशाची कोचिंग करायला. गावातली निम्मी बॅच त्याच आठवड्यात जात होती. बिछान्याच्या वळकट्या आणि लिचीच्या टोपल्या स्टेशनावर रोज दिसत. टुटुल ठरलेल्या वेळी दुकानात गेला. पावणेनऊ झाले होते. आता बॅच नव्हती, तरी ती तिथं होती. जुन्या नोट्स धाकट्या बहिणीसाठी छापून घेत होती.

"झुमूर, त्या दिवशी मी उठायला हवं होतं."

ती पानं मोजत राहिली. "कुठल्या दिवशी?"

"तुला माहीत आहे."

"तुम्ही नीट सांगा. मुद्देसूद लिहिलं तर गुण मिळतात."

मामांनी यंत्रातून डोकं वर काढलं, पुन्हा आत घातलं.

"तू फळ्यापाशी होतीस. मी शेवटून दुसऱ्या बाकावर. साच्याचं मी सांगितलं असतं, खरंच. पण सरांनी शेडचं विचारलं असतं. सगळा वर्ग होता. मला लाज वाटली."

"माझी?"

"माझी."

"ती वही मी तशीच ठेवली होती सहीला," झुमूर म्हणाली. "पुसायला मलापण येत होतं. पण मी म्हटलं, विचारलं तर बघू, दोघं उभे राहू. आणि मग मी एकटीच उभी होते, हातात खडू. सगळे हसत होते, आणि तू समोर बसला होतास, हात बाकावर ठेवून, जणू हजेरी चाललीय."

टुटुलनं यंत्रातून निघालेलं पान उचलून तिच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"संध्याकाळी गेलो होतो सरांकडे," तो शेवटी म्हणाला.

"माहितीये. सरांनी आईला सांगितलं. संध्याकाळी फळा नसतो, टुटुल."

"नसतो."

तिनं पानं सारखी केली, दोरीनं बांधली, गाठ मारताना एक टोक त्याच्याकडे धरायला दिलं. त्यानं बोट ठेवलं. तिनं त्याच्या बोटावरूनच गाठ आवळली.

"अगं, बोट!"

"राहू दे तिथंच. गाढव आहेस तू." तिनं गाठ सोडवली. "ढाक्याहून फोन करीन, रविवारी. उचल. आणि रसायनशास्त्र वाच. प्रवेशपरीक्षेत तुला कुणी फूल काढायला सांगणार नाहीये."

"कुठल्या प्रकरणापासून?"

"पहिल्यापासून. तुझं काय झालंय त्यात आजवर?"

ती निघून गेली, कोपऱ्यावर वळताना मागे बघून "रविवारी, विसरलास तर बघ" असं ओरडली, आणि गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांनी मान वर करून पाहिलं.

बिप्लब दुकानाच्या पायरीवर उभा होता. तो कधी आला हे टुटुलला कळलं नव्हतं. त्याचा चेहरा गंभीर झाला होता, नाकतोड्याच्या वेळीही झाला नव्हता इतका. त्यानं टुटुलच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला नदीच्या बाजूला चालवत नेलं.

"मी ऐकलं," तो म्हणाला. "'तू' म्हणाली ना परत?"

"हो."

"दोनदा-तीनदा?"

"चारदा."

"जाऊ दे, दोस्त. ढाक्याला गेलं की असंच होतं, मी म्हणालो नव्हतो? तुझी काही चूक नाही." त्यानं घाटावरच्या टपरीत त्याला बसवलं आणि न विचारता सिंगारे मागवले. टुटुलनं तीन खाल्ले, चौथ्याकडे हात केला. आतून किती तुटला असला तरी पोरानं पाणी नाही काढलं डोळ्यांतून, असं बिप्लब संध्याकाळी सगळ्या बॅचला सांगत होता.